विनापरमिट दुरुस्ती : दीड वर्ष खेळलेल्या एका गेमबद्दल

पाचपैकी दोन तारे. खरं तर एकच देणार होतो. दुसरा मागच्या शनिवारी रात्री मिळाला, त्याची गोष्ट शेवटी येईल.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, २३ जणांची खाती अजून तिथे आहेत, आणि तोंड सुटल्यामुळे मी एकदा तीन दिवसांचा म्यूट भोगून आलोय. खेळणारे ओळखतीलच. मोबाइलवरचा आहे, फुकट उतरतो, किल्ले आहेत, गिल्ड आहेत, आणि दर शनिवारी रात्री नऊला गिल्डयुद्ध असतं. १५ विरुद्ध १५, मधोमध नदी, नदीवर एकच पूल.

मी नागपुरात एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहे. वय ४४. काम पाळीचं: आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ. दर तासाला अँपिअर-व्होल्टेज लॉगशीटवर उतरवायचे, फीडर (एका भागाला वीज नेणारी लाइन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की वायरमनला फोन करायचा, परमिट (लाइनवर काम करायची लेखी परवानगी) द्यायचं, परमिट परत घ्यायचं. ड्युटीवर गेम खेळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आणि नोकरीचं इथे काढलं ते मिरवायला नाही. या गेमवर माझा जो राग आहे तो सगळा त्या लॉगशीटमधून आलाय. बग कुठे नसतात? लाइन म्हटली की फॉल्ट आलाच. पण फॉल्ट काढायची एक रीत असते.

आधी चांगलं सांगतो, कारण वाईटाला हात घातला की मी थांबणार नाही. नदीवरचा पाऊस इतका खरा केलाय की पहिल्यांदा बघताना मी खिडकीबाहेर बघितलं. बाण सुटल्याचा आवाज हेडफोनमध्ये डाव्या कानातून उजव्या कानात जातो. हिंदी आवाज दिलेत ते कुठल्या तरी डबिंगवाल्याने उरकल्यासारखे नाहीत. मागच्या वर्षी मुंबईत सर्व्हर आल्यापासून माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) शंभराच्या आसपास असायचा तो चाळिशीत आला. आणि माणसं! काटोलचा एक पोट्टा आहे, घरची संत्र्याची बाग, अंबिया बहराच्या दिवसांत महिनाभर गायब असतो. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नाइट करणारी एक सिस्टर आहे, आमची सगळ्यात थंड डोक्याची तिरंदाज. इतवारीतला एक धान्याचा व्यापारी आहे, तो युद्धातही बाण मोजून वापरतो. यांच्यातल्या निम्म्यांना मी प्रत्यक्ष भेटलोय, एकदा सकाळी तर्री-पोह्यावर, माझी नाइट सुटल्यावर. ज्याने हा गेम मुळात रचला त्याला मी पदरचे पैसे घालून सावजी खाऊ घालीन. ज्याने अपडेटचं वेळापत्रक ठरवलं त्यालाही सावजीच, पण पाण्याचा ग्लास न देता.

आता वेळापत्रक.

दर दुसऱ्या गुरुवारी मेंटेनन्स असतो. सूचना यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येते: १४:०० ते १८:००. त्यात साडेपाच तास मिळवा. साडेसात ते साडेअकरा. म्हणजे पोट्टे क्लासवरून येतात, व्यापारी शटर ओढतो, आठ ते चारची पाळी करून मी जेवणाआधी जरा टेकतो, नेमक्या त्याच वेळी. कंपनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, तिकडे तेव्हा सकाळचे सात. त्यांची मंडळी चहा-कॉफी घेऊन कामाला बसतात आणि आपली संध्याकाळ बंद करतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा आपल्याकडे तोच मेंटेनन्स साडेआठला सरकतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या गिल्डने त्या गुरुवारी साडेअकराला लॉगइन करायचा प्रयत्न केला आणि पाऊण तास गोल फिरणारं चक्र बघत बसली. काटोलच्या पोट्ट्याने तेव्हा विचारलेलं अजून लक्षात आहे: "भाऊ, आपल्या घड्याळाने यांचं काय घोडं मारलं?"

एखादाच सर्व्हर सगळ्या जगाला असता तर मी गप्प बसलो असतो. कोणाची तरी संध्याकाळ जाणारच. पण आशियाचा सर्व्हर वेगळा आहे, मुंबईत आहे, त्याचं युद्धसुद्धा आपल्या वेळेनुसार होतं. मग त्याची दुरुस्ती आपल्या पहाटे का नाही? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा केवढा जुना गेम, तिथे अमेरिकेचे सर्व्हर मंगळवारी सकाळी बंद होतात आणि युरोपचे बुधवारी सकाळी, ज्याची त्याची सकाळ बघून. आम्ही नवतपात दुपारी दोनला शटडाऊन घेतला, सगळ्या मोहल्ल्याचे कूलर एकदम बंद पडले, तर लोक उपकेंद्राच्या फाटकावर उभे राहतील आणि बरोबरच करतील. म्हणून उन्हाळ्यातली कामं भल्या पहाटे धरतात.

हा मुद्दा मी भाच्याशी बोललो. भाचा मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, त्यानेच हा गेम माझ्या फोनमध्ये टाकून दिला होता. तो म्हणाला, "मामा, इंजिनिअर तिकडे बसतात. आपल्या पहाटे तिकडे दुपार. काही बिघडलं तर त्यांना रात्री उशिरापर्यंत कोण बसवणार?"

म्हटलं, "मले तर बसवतात."

तो हसला. पण त्याचं म्हणणं मी पुढे नीट ऐकून घेतलं, ते खाली येईलच.

मूळ दुखणं मार्चमध्ये सुरू झालं. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा अपडेट आला, ३.८ जीबी. घरी वायफाय असलेल्यांचं ठीक. काटोलच्या पोट्ट्याकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक; त्याचा अपडेट तिसऱ्या दिवशी उतरला. तोवर शनिवार उलटून गेला होता. त्या अपडेटने नवीन किल्ला दिला, नवीन घोडे दिले, आणि न सांगता एक भेट दिली: युद्ध चालू असताना नेट तुटलं आणि तुम्ही परत जोडले गेलात, तर तुमचा माणूस पुलाच्या तोंडाशी उभा दिसतो, चालतो, तलवार चालवतो, पण त्याचा वार कोणाला लागत नाही. त्यालाही कोणी मारू शकत नाही. भूत. आणि युद्ध संपलं की त्याचे आधीचे गुणही शून्य.

"भाऊ, मी मारून राहिलो, पण कोणी मरूनच नाही राहिलं!" ही आमच्या गिल्डची मार्चपासूनची आरती.

आता यात माझं वेगळं दुःख बघा. नागपूरचा उन्हाळा. पारा पंचेचाळिशीला, घरोघरी कूलर, एसी. रात्री नऊला लोड चढलेला असतो. कुठे डीपीवरचा फ्यूज जातो, कुठे जम्पर जळतो, कुठे झाडाची फांदी तारेला लागून फीडर ट्रिप होतो आणि लगेच चालू होतो. लाइट नुसती मिचकते. माणसाला कळतही नाही, पंख्याचा वेग जरा कमी होऊन परत वाढतो. पण राउटर बंद होऊन चालू होतो आणि त्याला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांनी तुम्ही भूत. त्यानंतर गिल्डच्या व्हॉइस चॅटवर शिव्या कोणाला? मला! व्यापारीभाऊ तर सरळ विचारायचे, "तुमच्या लाइनने आजही घात केला ना?" मी ज्या खात्याचा पगार घेतो ते लाइट मिचकवतं, आणि मी ज्या गेमला पैसे देतो तो त्या मिचकण्याची शिक्षा देतो. दोन्हीकडून मीच.

म्हणून मी रजिस्टर उघडलं. शंभर पानी वही, उपकेंद्रातल्यासारखेच रकाने: तारीख, वेळ, कोण, काय झालं, कारण, किती वेळ. मार्च ते ऑगस्ट, एकूण ३१ नोंदी. त्यातल्या १९ लाइट गेल्याच्या किंवा मिचकल्याच्या. ७ नुसतं नेट गेल्याच्या, लाइट असताना. ५ वेळा तर युद्धात फोन आला आणि गेम मागे गेला, एवढ्यानेच. (त्यातले दोन फोन माझ्या बायकोचे होते, स्वयंपाकघरातून. "हा गेम आहे का दुसरी ड्युटी?" एवढंच विचारायला.) ३१ पैकी १२ मध्ये आमच्या लाइनचा काही दोष नाही, हे मी वही उघडून गिल्डला दाखवलं आणि त्या दिवसापासून शिव्या अर्ध्या झाल्या.

एप्रिलच्या शेवटी तक्रार पाठवली. नुसतं "गेम खराब आहे" असं नाही. पायरी एक, युद्धात जा. पायरी दोन, पूल ओलांडा. पायरी तीन, वायफाय बंद करा, नव्वद सेकंद थांबा. अशा नऊ पायऱ्या, सोबत सिस्टरने केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग, फोनचं मॉडेल, गेमची आवृत्ती. आमच्याकडे एखादा ग्राहक अशी तक्रार घेऊन आला तर साहेब त्याला खुर्ची देतील. सहाव्या दिवशी उत्तर आलं. कॅशे साफ करा, गेम काढून पुन्हा टाका, इंटरनेट कनेक्शन स्थिर असल्याची खात्री करा. इंटरनेट तुटल्यावर काय होतं याच्या तक्रारीला उत्तर काय, तर इंटरनेट तुटू देऊ नका. आणि खाली: आपली तक्रार निकाली काढली आहे, आमच्या सेवेला किती गुण द्याल?

मी पुन्हा उघडली. पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा उत्तर आलं की हा प्रश्न आमच्या टीमला माहीत आहे आणि लवकरच सोडवला जाईल.

लवकरच. या शब्दाची मला चीड आहे आणि ती नोकरीतून आलेली आहे. फोनवर ग्राहक विचारतो, लाइट कधी येईल. "लवकरच" म्हटलं की तो दर पाच मिनिटांनी फोन करतो. "केबल फॉल्ट आहे, जागा शोधतोय, दोन तास धरून चला" म्हटलं की तो शिव्या देतो, पण मग गच्चीवर गादी टाकून झोपतो. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. त्या रात्री आम्ही वेळ सांगूच शकत नव्हतो. पण कारण सांगत होतो: पाणी उतरल्याशिवाय लाइन चार्ज करणार नाही, माणसं मरतील. कोणी उलटून बोललं नाही. वेळ नसेल तर कारण द्या. या गेमने पाच महिने दोन्ही दिलं नाही.

आणि मधेच, जूनमध्ये, दुकानाचा प्रकार झाला. गेममधल्या दुकानात ७९९ रुपयांचा रत्नांचा डबा चुकून ७९ ला लागला. व्यापारीभाऊंनी सगळ्यात आधी पाहिलं, अर्थातच. त्यांनी चार घेतले आणि मग गिल्डला सांगितलं, हेही अर्थातच. मी घड्याळ लावलं. ४१ मिनिटांत किंमत नीट झाली. ना मेंटेनन्स, ना सूचना, ना यूटीसी. दोन तासांत लोकांनी घेतलेली रत्नं परत काढून घेतली आणि पैसे परत केले. माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली मी लाल पेनने लिहिलं: गल्ल्याचा फॉल्ट, ४१ मिनिटं. पुलाचा फॉल्ट, ९६ वा दिवस.

इथे भाच्याचं ऐकावं लागेल, नाहीतर अन्याय होईल. तो म्हणतो, दुकानाची किंमत सर्व्हरवर लिहिलेली असते. तिकडे एक आकडा बदलला की सगळ्यांच्या फोनवर बदलतो. तुमचा भुताचा प्रश्न फोनमधल्या गेमच्या आत आहे. तो बदलायचा तर नवी आवृत्ती बांधा, तपासा, गुगल आणि ॲपलच्या स्टोअरकडे मंजुरीला पाठवा. मंजुरी मिळाली तरी शहाणी कंपनी सगळ्यांना एकदम देत नाही. ॲपलवर टप्प्याटप्प्याने सोडायची सोय आहे, सात दिवसांची: पहिल्या दिवशी १ टक्का लोकांना, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी सगळ्यांना. मधे काही पेटलं तर थांबवता येतं.

हे मला पटलं. मनापासून पटलं, कारण ट्रायल घेतल्याशिवाय मीही लाइन पूर्ण लोडवर टाकत नाही. पण मग त्याला मी विचारलं, हे सगळं धरून किती दिवस? तो म्हणाला, घाई केली तर एक आठवडा, आरामात केलं तर तीन. म्हटलं, "आणि पाच महिने?" त्यावर तो म्हणाला की बग सापडणं हेच अवघड असतं, आणि उदाहरण म्हणून त्याने जीटीए ऑनलाइनचं सांगितलं. ते सांगून त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तो गेम २०१३ चा. ऑनलाइन सुरू व्हायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागायची, आणि वर्षानुवर्षं लोक ते देवाची करणी समजून सोसत होते. २०२१ मध्ये एका खेळाडूने, कंपनीचा नोकर नसलेल्या, आतला कोड हाती नसताना, कारण शोधून काढलं. सुरू होताना गेम १० एमबीची एक यादी वाचायचा, त्यात ६३ हजार वस्तू, आणि वाचायची पद्धत अशी अडाणी की प्रत्येक वेळी पुन्हा पुन्हा सगळं चाळायचं. त्याने स्वतः दुरुस्ती करून पाहिली तर वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने ती मानली, अपडेटमध्ये घेतली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. आता मजा ऐका, ती यादी कसली होती? विकायच्या वस्तूंची. म्हणजे दुकानाचीच!

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही भलतंच काढून राहिले यातून."

मी काय काढणार. मला एवढंच दिसलं की बाहेरच्या माणसाने वही घेऊन बसायचं ठरवलं तर त्याला सापडलं. आतल्यांना कोणी बसूच दिलं नसेल. त्यांच्या डोक्यावर पुढच्या किल्ल्याची आणि पुढच्या घोड्याची तारीख असेल. हे मात्र मी समजू शकतो, कारण नवीन कनेक्शनचं टार्गेट आणि जुन्या डीपीचं तेल यांत आधी काय बघायचं हे आम्हालाही कोणी तरी वरून सांगतं. पण हे बदलता येतं, हेही झालेलं आहे. रेनबो सिक्स सीज या गेमच्या लोकांनी २०१७ मध्ये नवा सीझन बाजूला ठेवला आणि तीन महिने फक्त दुरुस्ती करणार असं उघड जाहीर केलं. नावच दिलं ऑपरेशन हेल्थ. फायनल फँटसी १४ तर २०१० मध्ये इतका वाईट निघाला की कंपनीने माफी मागितली, २०१२ मध्ये सर्व्हर बंद केले आणि २०१३ मध्ये अख्खा गेम नव्याने आणला. बंद करताना गोष्टीतच आकाशातून एक चंद्र पाडून जुनं जग जाळलं. असा शटडाऊन असेल तर मी टाळ्या वाजवीन.

आमच्याकडे जुलैत काय झालं ते सांगतो. गुरुवारच्या अपडेटच्या टिपणात ओळ आली: पुन्हा जोडणीचा प्रश्न सोडवला. शनिवारी आम्ही नाचतच युद्धात उतरलो. नऊ वाजून वीस मिनिटांनी सिस्टरचं नेट गेलं, परत आली, आणि आता ती भूत नव्हती. ती पुलाखाली होती. नदीच्याही खाली, काळ्या पोकळीत, कायमची खाली पडत. सोबत आणखी एक निघालं: कोणीही असं पडायला लागलं की अख्ख्या गिल्डचा व्हॉइस बंद. म्हणजे एका घरचा फ्यूज बदलताना अख्ख्या डीपीचा न्यूट्रल तोडला.

मंगळवारी ते सगळं मागे घेतलं. रोलबॅक. परत भुतं. भूत परत आलं म्हणून कोणी आनंद साजरा केल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्याकडे लाइनवर काम करायचं तर वायरमन आधी परमिट घेतो. मी ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडतो, अर्थिंग करतो, पॅनेलवर "माणसं काम करत आहेत"ची पाटी टांगतो, वेळ लिहितो, सही घेतो. काम झालं की त्याच माणसाने येऊन परमिट परत करायचं: माझी माणसं, माझं सामान लाइनवरून बाजूला आहे. मगच चार्ज. परमिट परत आलं नसेल तर साहेबांचा साहेब फोनवर ओरडला तरी ब्रेकरला हात लावायचा नाही. जुलैतली ती ओळ लिहिणाऱ्याकडे परमिट कोणी परत केलं होतं? कोणीतरी "सोडवला" असं लिहिलं, दुसऱ्या कोणीतरी ते खरं मानलं, आणि पुलावर एकदाही नेट बंद करून बघितलं नाही. आमच्या नऊ पायऱ्या त्यांच्याकडे एप्रिलपासून पडून होत्या. पंधरा मिनिटांचं काम होतं.

ऑगस्टमध्ये तर हद्द झाली. शनिवारी, रात्री ८:५० ला, युद्धाला दहा मिनिटं असताना पडद्यावर पट्टी: तातडीचा मेंटेनन्स, सर्व्हर पाच मिनिटांत बंद. कारण नाही, वेळ नाही. बाराला चालू झाला तेव्हा युद्ध रद्द, आणि भरपाई म्हणून ५० नाणी. ५० नाण्यांत घोड्याचा नालही येत नाही. त्या दिवशी मी गेम काढून टाकला. रविवारी परत टाकला, ते सोडा.

मधेच तान्हा पोळा आला. त्या दिवशी नागपुरात मारबत निघते, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. १८८१ पासूनची काळी आणि तिच्या मागून आलेली पिवळी, दोघींची मिरवणूक, आणि सोबत बडगे. ज्याचा राग आला त्याचा पुतळा करायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. महागाईचा बडग्या असतो, भ्रष्टाचाराचा असतो. आमच्या गिल्डच्या ग्रुपवर सकाळी सातलाच काटोलच्या पोट्ट्याचा मेसेज: "इडा पिडा, बग-बिग, घेऊन जा गे मारबत!" सिस्टरने त्याखाली पुठ्ठ्याच्या बडग्याचा फोटो टाकला, छातीवर यूटीसीचं घड्याळ आणि हातात ५० नाणी. तो नातेवाइकांच्या पोरांनी खरंच केला होता म्हणे, पण घरच्या गॅलरीतच ठेवला.

मारबतीचा गुण म्हणा किंवा आणखी काही, पंधरा दिवसांनी अपडेट आला. टिपणात एवढंच: युद्धात पुन्हा जोडणीसंबंधी एक अडचण दूर केली. साडेपाच महिन्यांची एक ओळ. जुलैत पोळल्यामुळे कोणी नाचलं नाही.

मागच्या शनिवारी माझी साप्ताहिक सुटी होती. आठ वाजता सराव सामना लावला, मी एका बाजूला, काटोलचा पोट्टा दुसऱ्या बाजूला. पूल ओलांडला आणि राउटरची पिन मीच काढली. नव्वद सेकंद. लावली. परत आलो तर माणूस पुलावर, जिथे सोडला तिथे. "मार," तो म्हणाला. मी मारलं. तो मेला. फोनवर त्याचा आवाज असा आला की मागून त्याची आई विचारत होती काय झालं म्हणून. पुन्हा पिन काढली, पुन्हा जमलं. तिसऱ्यांदा नेट चालू ठेवून बायकोला स्वयंपाकघरातून फोन करायला लावला. तेही जमलं. गुण जागच्या जागी. वहीत लिहिलं: २०:२६, ट्रायल घेतली, ओके. दुसरा तारा तो.

तिसरा का नाही, तर नऊच्या खऱ्या युद्धात लाइट एकदाही मिचकली नाही. ३० जण मैदानात असताना, पूर्ण लोडवर, काय होतं ते अजून बघायचंय. शिवाय या अपडेटपासून घोडे नदीत शिरले की उलटे चालतात. वहीत बत्तिसावी नोंद तीच आहे.

आता घ्यावा का, हे विचाराल तर: फुकट आहे, उतरवा, नदीवरचा पाऊस बघा, गिल्ड शोधा. पैसे घालू नका. मी दीड वर्षात ४४९ चे सहा पास घेतले, २६९४ रुपये, आणि वर ८९ ची एक टोपी. टोपीचं दुःख नाही, ती चांगली दिसते. पास मात्र दिवाळीपर्यंत घेणार नाही. व्यापारीभाऊंनी तर मार्चमध्येच बंद केले, आणि ते म्हणतात की सगळ्यांनी बंद केले तर पुलाचा फॉल्टही ४१ मिनिटांत निघेल. त्यांचं गणित आजवर चुकलेलं नाही. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर अपडेट आला त्याच रात्री बारानंतर लावून झोपा, आणि शनिवारी राउटर इन्व्हर्टरवर घ्या. विद्युत खात्यातल्या माणसाकडून हा सल्ला येतोय याची मला लाज वाटते, पण घ्या.

पुढचा मेंटेनन्स येत्या गुरुवारी आहे, १४:०० यूटीसी. घोड्यांचं त्यात काही लिहिलेलं नाही. माझी त्या आठवड्यात चार ते बारा आहे, त्यामुळे मला या वेळी काही फरक पडत नाही.